कुरणात नांगर कशाला?

आज ५ डिसेंबर, जागतिक मृदा दिन. थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या जन्मतारखेला जोडलेला हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये मान्य केला. तेव्हापासून दरवर्षी या तारखेला कृषी विद्यापीठांत व्याख्याने होतात, मृदा आरोग्य पत्रिकांचे वाटप होते आणि सेंद्रिय कर्ब घटल्याची चिंता व्यक्त करून मंडळी चहाला उठतात. माती म्हणजे शेताची माती, हे या सगळ्यात गृहीतच असते. आज आम्हाला बोलायचे आहे ते जिथे आता कुणी पिकासाठी राबत नाही, कुणी मळणी करत नाही आणि तरीही जिच्यावर शेकडो तोंडे जगतात, त्या मातीविषयी. म्हणजे अभयारण्यांतल्या कुरणांच्या मातीविषयी.

यातली बरीच कुरणे काल-परवापर्यंत शेतेच होती. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड किंवा ताडोब्यातली बोटेझरी, जामणी ही गावे जंगलाबाहेर वसवली गेली. गाव उठले तरी बांध उरतात, विहीर उरते, मोह आणि चिंच उरते. दोन-चार पावसाळ्यांत शेतात गवत येते, गवतामागे चितळ येते, चितळामागे वाघ आणि वाघामागे जिप्सी. शेजारच्या मध्य प्रदेशात कान्हाने हे आधीच दाखवून दिले होते. १९७० मध्ये तिथे बारशिंगे अवघे ६६ उरले होते. गावे हलल्यावर मोकळ्या झालेल्या माळांवर गवत राखले गेले, संरक्षण मिळाले आणि आज ती संख्या हजाराच्या घरात आहे. पुनर्वसनात माणसांच्या पदरात काय पडले, हा वेगळा आणि बराच कडवट विषय आहे. तो इथे दोन ओळींत उरकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण गावाबरोबर आणखी एक गोष्ट जंगलाबाहेर गेली, तिचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. ती म्हणजे शेण. गावची गुरे दिवसभर जंगलात चरत आणि संध्याकाळी गोठ्यात परतत. जंगलातले नत्र, स्फुरद, पालाश त्यांच्या पोटातून रोज थोडे थोडे गावात येई, उकिरड्यात कुजे आणि उन्हाळ्यात गाडीने शेतात पडे. पिढ्यानपिढ्या असे चालले. घाटावरचा शेतकरी आजही धनगराच्या मेंढ्या रानात बसवतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे मोजतो, ते याच व्यवहारापोटी: चरायचे माळावर आणि लेंड्या टाकायच्या आमच्या वावरात. जनावराचे पोट म्हणजे सुपीकता इकडून तिकडे नेणारे वाहन आहे, हे आपल्या लोकांना मृदाशास्त्राचा तास न घेता ठाऊक होते.

आता त्याच वाहनाची दिशा उलटी झाली आहे. चितळ आणि गवे पहाटे-संध्याकाळी कुरणात चरतात आणि ऊन चढले की झाडीच्या सावलीला किंवा पाणवठ्याकडे सरकतात. रवंथ तिथे, लेंड्या आणि मूत्रही बरेचसे तिथेच. खाल्लेल्या गवतातले बहुतेक पोषण जनावर परत टाकते हे खरे, पण जिथून उचलले तिथेच टाकत नाही. पूर्वी जंगल शेताला पोसत होते, आता शेत जंगलाला पोसते. त्यात तक्रारीसारखे काही नाही, जंगलाचेच आहे ते. पण जुन्या वावराची पुंजी अशी गुपचूप ओघळत असताना वर आपणही तिला भोके पाडावीत का, हा आजचा प्रश्न आहे.

उठलेल्या गावाची जागा पावसाळ्यात नीट पाहिली तर ही पुंजी कुठे किती साठली होती ते डोळ्यांना दिसते. जिथे उकिरडा होता, गोठाण होते, तिथे तरोटा कमरेएवढा माजलेला असतो, पानांचा रंग काळपट हिरवा. चार पावलांवर, जिथे नुसते ज्वारीचे वावर होते, तिथे तो पोटरीपर्यंतच येतो आणि मधूनमधून हरळी डोकावते. उताराच्या बाजूला, जिथली वरची माती कधीच नाल्यात गेली, तिथे मुरुमावर कुसळी उभी असते. एका हाकेच्या अंतरात एकाच कुरणाच्या तीन जमिनी, आणि कामाचे अंदाजपत्रक मात्र सगळ्या हेक्टरांना एकच.

त्या अंदाजपत्रकात नांगरट हा शब्द सहज येतो. तण माजले, गवत विरळ झाले की ट्रॅक्टर घालावा, वखरणी करावी, बी टाकावे. शेतकऱ्याच्या मुलाला हे इतके नैसर्गिक वाटते की त्यात काही चुकत असेल अशी शंकाही येत नाही. शिवाय नांगरलेले कुरण फोटोत छान दिसते आणि हेक्टरांत मोजता येते.

पण कुरणाचे भांडवल मातीच्या वर नसतेच. शेडा, मारवेल, पवन्या, डोंगरी ही बहुवार्षिक गवते. त्यांचे ठोंब वर्षानुवर्षे जागेवर राहतात. दिवाळीनंतर पाती पिवळी पडू लागतात तेव्हा ही गवते पात्यांतले बरेचसे नत्र खाली मुळांत ओढून घेतात आणि पुढच्या पावसाला तेच वापरतात. म्हणजे खताची बचत ती स्वतःच करतात. दरवर्षी मुळांचा काही भाग मरतो आणि कुजतो. त्यातून कर्ब वाढतो, मातीचे कण बांधले जातात, पाणी मुरायला वाटा होतात. मुळांवर वस्ती करणारी बुरशी दूरच्या कणांवरचे स्फुरद आणून देते. नांगराचा फाळ एका सकाळीत ठोंब उलथतो, बुरशीचे जाळे तोडतो आणि माती उघडी करतो. उघडी झालेली माती जूनच्या उन्हात आणि पहिल्या पावसात आपला कर्ब भराभर जाळते. त्यामुळे नत्र मोकळे होते आणि पहिल्या वर्षी गवत खरेच जोरात येते. सगळी फसगत इथेच होते. मुद्दल मोडून खाल्ले की पहिले वर्ष चैनीत जातेच.

आणि त्या मोकळ्या झालेल्या नत्रावर पहिली उडी कोणाची? तरोट्याची, रानतुळशीची, गाजरगवताची. यांचे बी मातीत वर्षानुवर्षे दबा धरून असते. नांगर ते वर आणतो, उजेड दाखवतो. तरोट्याबद्दल एक गैरसमज वारंवार कानावर येतो. तो शेंगेचा आहे, द्विदल आहे, म्हणजे जमिनीला नत्र देणारच, मग असू द्या. तरोट्याला शेंगा येतात हे खरे, पण त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. भुईमूग किंवा मूग उपटला की मुळांवर मोहरीएवढ्या गाठी लगडलेल्या दिसतात. आत गुलाबी रंग असेल तर त्या कामावर आहेत असे समजावे. तरोटा उपटून पाहा, मूळ स्वच्छ. हवेतले नत्र तो आणत नाही, जमिनीतलेच खातो. कोवळ्या तरोट्याची भाजी विदर्भात पहिल्या पावसात आवडीने होते आणि त्याच्या बियांना बाजारही आहे, पण चितळ त्याला सहसा तोंड लावत नाही.

तण काढू नये असे कुणीच म्हणत नाही. पण ते काढताना माती उलथण्याची गरज नसते. घाणेरीचे उदाहरण घ्या. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट परिसरात बसवलेली पद्धत साधी आहे. झुडूप उपटायचे नाही, जाळायचेही नाही. जमिनीच्या थोडे खाली मुख्य मूळ कुदळीने छाटायचे आणि झुडूप तिथेच उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. माती हलते ती कुदळीच्या पात्याएवढी. तरोटा आणि रानतुळस तर ओल असताना, फुलावर येण्याआधी, हाताने उपटता येतात. ऑगस्टमध्ये उपटलेला तरोटा तिथेच आच्छादन होतो आणि ऑक्टोबरमध्ये उपटलेला तिथेच बी सांडतो. अंगठा आणि मनगट लागते त्याला, यंत्र नव्हे. जंगलाकाठच्या गावांना ऐन पावसाळ्यात मजुरी मिळते हा वरचा नफा.

बी पेरायचे असेल तर? कुसळीकडे पाहावे. पायजम्याला चिकटून जीव नकोसा करणारे तिचे कुसळ म्हणजे नैसर्गिक पेरणीयंत्र आहे. बीच्या टोकाला टोकदार सुई, तिच्यावर मागे वळलेले केस आणि मागे लांब शेपटी. ती शेपटी ओलीने उलगडते आणि उन्हाने पुन्हा पिळली जाते. दवाने भिजली, उन्हाने वाळली, पुन्हा भिजली. दरवेळी सुई थोडी मातीत फिरते आणि मागचे केस तिला वर येऊ देत नाहीत. काही दिवसांत बी आपोआप रोवले जाते. सगळ्याच गवतांना हे जमत नाही. पण जिथे बी हाताने टाकायचे तिथेही पहिल्या पावसाआधी काटेरी फांदी ओढून वरची पापडी मोडली की पुरते. अर्धा इंच हलली तरी पुष्कळ.

हे सगळे भाबडे वाटत असेल तर एक नजर अमेरिकेकडे टाकावी. नांगराचा हिशोब त्या देशाने १९३०च्या दशकात भरला आहे. मध्यभागातली विस्तीर्ण गवताळ मैदाने नांगरून गहू घेतला, अवर्षण आले आणि सुटी झालेली माती आकाशात गेली. १४ एप्रिल १९३५च्या वादळाला तिथे आजही ‘काळा रविवार’ म्हणतात. आज त्याच देशात हजारो जमीनमालक आपल्या रानात एकर-दोन एकरांचे तुकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी पेरतात. हेतू बहुतांशी शिकारीचा, तो आपल्याकडे १९७२च्या कायद्याने बाद आहे. पण त्या हौशी मंडळींनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून जे शिकले ते शिकायला आपल्याला मनाई नाही.

सुरुवातीला तेही दरवर्षी डिस्क फिरवून, चुना आणि खत टाकून पेरत. डिझेल, खत आणि तण तिन्ही वाढत गेली. मग त्यातल्या अनेकांनी वेगळी वाट धरली. उन्हाळी कुट्टू उभा असतानाच त्यात राय आणि क्लोव्हरचे बी फेकायचे आणि मग कुट्टू आडवा करायचा. पडलेल्या काडाखाली ओल टिकते, बी रुजते, तण दबते. राय उरलेसुरले नत्र धरून ठेवतो, पावसाबरोबर वाहू देत नाही. क्लोव्हर हवेतले नत्र आणतो. कुट्टूची मुळे मातीत अडकलेले स्फुरद मोकळे करायला मदत करतात. एकच एक पीक जिथे लावले तिथे गाडी अडली, मिश्रण जिथे लावले तिथे चालली. आपल्या शेतकऱ्याला यात नवे ते काय? बेवड पाहून पीक घ्यावे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

त्यांच्याकडचा चुना मात्र डोळे झाकून उचलू नये. त्यांच्या वनजमिनी पुष्कळदा आम्ल असतात म्हणून तो लागतो. विदर्भातल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे मूळचेच असतात, तिथे चुना टाकणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सह्याद्रीच्या जांभ्यावर गोष्ट वेगळी, पण तिथेही आधी माती तपासावी. आणि कुट्टू-क्लोव्हरची बियाणी अभयारण्यात आणण्याचा विचारही नको. परदेशी पाहुण्यांचे काय होते ते गाजरगवताने आपल्याला शिकवले आहे. आपल्या कुरणात रानमूग, रानउडीद यांच्यासारखे वेल मुळात आहेत. गवताच्या बीबरोबर तेही गोळा करून टाकले तर नत्राचा प्रश्न पुष्कळ सुटतो. निव्वळ गवत पेरून चारा सकस होण्याची वाट पाहणे फोल आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या मंडळींची आणखी एक युक्ती आम्हाला फार आवडते, कारण ती फुकटात पडते. तारेच्या जाळीचा हातभर रुंदीचा गोल पिंजरा पेरलेल्या तुकड्यात रोवून ठेवायचा. आत तोंड घालता येत नाही. महिन्याने आतले गवत गुडघाभर आणि बाहेरचे बोटभर दिसले तर जमीन देते आहे आणि जनावर खाते आहे. आत आणि बाहेर दोन्हीकडे बोटभरच असेल तर दोष जनावरांचा नाही, मातीचा. दोन्हीकडे गुडघाभर असेल तर हे गवत कुणाला नकोच आहे. वनरक्षकाला कळायला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

महाराष्ट्रात शेतीत हे वारे वाहू लागले त्यालाही बराच काळ झाला. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर बिननांगरणीच्या ऊसशेतीबद्दल वर्षानुवर्षे लिहीत आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. अर्थात तिथे तणनाशकाचा आधार घेतला जातो. अभयारण्यात तो घेता येत नाही आणि येऊ नये. पण अभयारण्याची एक सोय शेताला कधीच मिळणार नाही. इथून धान्याचे पोते बाहेर जात नाही. मेलेल्या गव्याची हाडेही इथेच राहतात. गळून पडलेली चितळाची शिंगे साळिंदर कुरतडून खाते आणि त्यातले कॅल्शियम, स्फुरद पुन्हा याच रानात फिरते. पावसाळ्यात गव्याचा पो उलटून पाहिला तर खाली बोटभर रुंदीची भोके दिसतात. शेणकिडे शेण गोळा करून बिळात नेतात, माती वर आणतात. उरलेले वाळवी आणि पाऊस संपवतात. खत टाकणे, ते मिसळणे आणि भुसभुशीत करणे ही तिन्ही कामे इथे बिनपगारी होतात. जंगलालगतच्या गुरांना देतात त्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकांचे अंश शेणातून उतरतात आणि हे किडे मारतात, याची दखल पशुवैद्यकांनी घेतली तर बरे.

उरला वणवा. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणून जाळरेषांची तयारी याच दिवसांत होते. जाळरेषा हवीच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘जाळले की नवे गवत चांगले फुटते’ या समजुतीबद्दल. फूट येते हे खरे. पण आगीत गवतातले नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते, गंधकही बरेचसे जाते. राखेत स्फुरद, पालाश उरते, पण उताराच्या जमिनीवर पहिला वळीव ते नाल्यात नेतो. शिवाय काळी उघडी जमीन तीन महिने उन्हात तापते आणि वाळवी, किडे, कर्ब यांचे जे व्हायचे ते होते. काही गवताळ माळांना अधूनमधून आगीची गरज असते, असे मानणारे अभ्यासकही आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण तेही दरवर्षी जाळा असे सांगत नाहीत. आणि जाळायचेच तर केव्हा, याला अर्थ आहे. पाती अर्धवट हिरवी असताना जाळले तर मुळांत जायचे नत्रही जाते. पूर्ण वाळल्यावर जाळले तर हे नुकसान तुलनेने कमी होते, पण तेव्हा आग आवरणे कठीण. दोन्हीकडून अडचण आहे, म्हणून मोह टाळणेच शहाणपणाचे.

कुरणे सुधारली की जनावरे शेतात येणार नाहीत, असे आश्वासन याच ओघात दिले जाते. ते आम्ही देणार नाही. रोह्याला आणि रानडुकराला कुरणातल्या मारवेलपेक्षा सोयाबीन, हरभरा आणि मका अधिक गोड लागतो, याला मृदाशास्त्राकडे उपाय नाही. कुरण चितळ, गवे आणि काळवीट पोसेल, त्यांच्यावर वाघ आणि लांडगा जगेल. पीक नुकसानीची भरपाई वेळेवर देणे हा स्वतंत्र धडा आहे आणि तो वन खात्याला रोज गिरवावा लागेल.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या योजनेतून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत बारा घटक तपासलेले असतात. तशीच पत्रिका प्रत्येक कुरणाची असावी, दर तीन वर्षांनी एकदा, उकिरड्याची जागा, वावराची जागा आणि मुरुमाची जागा वेगवेगळी धरून. कुरण विकासाचे यश ‘किती हेक्टर पेरले’ यावर न मोजता ‘कर्ब वाढला की घटला’ यावर मोजले, तर ट्रॅक्टरचे देयक आपसूक कमी होईल. तसे झाले नाही तर कुरण विकास हेच कुणाकुणाचे चराऊ कुरण होऊन बसते, याचा अनुभव या राज्याला इतर कामांत पुरेसा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांच्या नावे केले. त्या निमित्ताने माळ म्हणजे पडीक, असे लिहिणाऱ्या नोंदवह्या दुरुस्त झाल्या तरी पुष्कळ मिळवले म्हणू.

स्थानिक गवताचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकते आणि हाताने ओरबाडून गोळा करावे लागते. ताजे बी लगेच नीट उगवत नाही, म्हणून ते पुढच्या जूनपर्यंत कोरडे जपावे लागते. या वर्षी ज्या परिक्षेत्रांनी ते गोळा केले त्यांच्या गोदामात आज पोती असतील. बाकीच्यांचे बी झडून गेले आहे. त्यांची बियाणे खरेदीची निविदा मार्च अखेरीस निघेल आणि तिच्या खालच्याच ओळीत, बहुधा, नांगरणीचा दर असेल.